नावं सांगा, बाकी राहू दे

कोचीकर

नोकरीसाठी कोचीत येऊन अकरा वर्षं झाली. मल्याळम मला बोलता येतं ते भाजीवाल्यापुरतं आणि वाचता येतं ते मथळ्यांपुरतं. १९ ऑगस्ट २०२४ ला मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या परिस्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल बाहेर आला, त्यानंतर दोन-तीन आठवडे तेवढं पुरलं. इथे मथळ्यांखेरीज दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या चहापर्यंत अहवालाची पीडीएफ ऑफिसात सगळ्यांच्या फोनवर येऊन पडली होती. २३३ पानं. शेजारच्या टेबलावर कोणी वाचत नव्हतं, सगळे शोधत होते. या नटाचं नाव टाकून बघ, त्या दिग्दर्शकाचं टाकून बघ. एकही नाव लागेना. (लागणार नव्हतंच. ओळख पटेल असा मजकूर काढूनच अहवाल दिला होता.) शेवटी एकाने फोन उलटा ठेवला आणि म्हणाला, "मग यात आहे काय?"

धागा त्या प्रश्नावर काढतोय.

ज्यांनी हे प्रकरण नीट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: १७ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री एका आघाडीच्या मल्याळी अभिनेत्रीला कोचीत गाडीतून पळवून नेलं, चालत्या गाडीत तिच्यावर अत्याचार केला आणि वर त्याचं चित्रीकरण केलं. तिने लगेच पोलिसांत तक्रार दिली. त्या धक्क्यातून 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' ही सिनेमातल्या बायकांची संघटना उभी राहिली. रेवती, पार्वती तिरुवोत्तु, रीमा कल्लिंगल, अंजली मेनन, बीना पॉल आणि इतर. त्या मुख्यमंत्र्यांना भेटल्या आणि जुलै २०१७ मध्ये समिती नेमली गेली. निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा, तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी. अहवाल ३१ डिसेंबर २०१९ ला सरकारकडे गेला. तिथून बाहेर यायला त्याला साडेचार वर्षांहून जास्त लागली, तेही माहिती अधिकारात लोक मागे लागले म्हणून.

आता यात आहे काय. 'ॲडजस्टमेंट' आणि 'कॉम्प्रोमाइज' हे दोन शब्द नवीन मुलीला काम द्यायच्या आधी कसे ऐकवले जातात ते आहे. बाहेरगावच्या शूटिंगला रात्री हॉटेलच्या दारावर पडणाऱ्या थापा आहेत, आणि म्हणून आई-वडिलांना सोबत नेणाऱ्या बायका आहेत. ज्याने त्रास दिला त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर मिठी मारावी लागलेली एक नटी आहे. तिच्या चेहऱ्यावर हवे ते भाव येईनात म्हणून एका शॉटचे १७ रीटेक झाले. कोणाला काम मिळायचं आणि कोणाचं बंद व्हायचं ते ठरवणारा मूठभर पुरुषांचा गट आहे. आणि पानंच्या पानं आहेत ती संडासांबद्दल. सेटवर बायकांना जायला जागा नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवीच्या संसर्गाने आजारी पडतात. ज्युनिअर आर्टिस्ट बायकांना तर मुळात तिथे माणूस म्हणून कोणी मोजतच नाही.

हे वाचून कोणी चॅनेलवर ओरडलं नाही. संडासावर रात्री नऊची चर्चा होत नाही.

ओरडा सुरू झाला तो पाच-सहा दिवसांनी, बायका स्वतः पुढे येऊन नावं घ्यायला लागल्यावर. एकाच रविवारी चलच्चित्र अकादमीच्या अध्यक्षांनी आणि नटांच्या संघटनेच्या सरचिटणीसांनी राजीनामे दिले (दोघांनीही आरोप नाकारले). दोन दिवसांनी अध्यक्ष मोहनलाल यांच्यासह संघटनेची अख्खी कार्यकारिणी पायउतार झाली. संघटनेचं लघुनाव 'अम्मा' आहे हे इथे सांगायलाच हवं. त्या आठवड्यात रिक्षावाल्यापासून सगळे यावर विनोद करत होते.

मला सगळ्यात जास्त ऐकू आलेलं वाक्य होतं, "इतकी वर्षं गप्प का बसल्या?" आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसात, पुण्याहून आलेल्या भावाच्या फोनवर. यातल्या कितीतरी जणी तर २०१७ ते २०१९ मध्ये समितीसमोर बसून बोलल्या होत्या. पुढे अहवाल कपाटात राहिला, आणि कपाट सरकारचं होतं. कपाटाला कोणी विचारलं नाही, गप्प का बसलास म्हणून.

---

खवट_खोबरं

म्हणजे या धाग्यातपण नावं नाहीत? पॉपकॉर्न परत डब्यात ओततो.

---

जर्सीकर

कोचीकर, छान लिहिलंय. इकडे अमेरिकेत हॉलिवूडचा निर्माता वाइनस्टीन याचं प्रकरण ऑक्टोबर २०१७ मध्ये फुटलं तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या रांगेत हाच प्रश्न होता, "एवढ्या मोठ्या नट्या, यांना काय भीती?" पुढे २०२० मध्ये तो दोषी ठरला, २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने तो निकालच रद्द केला, २०२५ मध्ये परत खटला चालून एका आरोपात परत दोषी. दर वळणावर मंडळातले तेच लोक "बघा, मी म्हणत होतो" म्हणत होते. दोन्ही बाजूंचे.

---

तटस्थ_वाटसरू

लेख चांगला, पण अर्धाच आहे. ज्या २०१७ च्या प्रकरणातून हे सगळं सुरू झालं त्याचा निकाल धागाकर्त्याने सोयीस्करपणे गाळला. ८ डिसेंबर २०२५ ला एर्नाकुलमच्या सत्र न्यायालयाने अभिनेते दिलीप यांना कटाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. तोवर आठ वर्षं, त्यातले जवळपास तीन महिने तुरुंगात, त्या माणसाला सगळ्या देशाने गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. त्याचं काय? बाईवर विश्वास ठेवा हे मान्य. पण आरोप झाला की निकाल लागला, हे मला मान्य नाही. माझा सख्खा मावसभाऊ ऑफिसातल्या तक्रारीत अडकला होता, चौकशीत सुटला. अजून लग्नाकार्यात लोक त्याच्याकडे बघून कुजबुजतात. राग आला तर येऊ दे.

---

कोचीकर

@तटस्थ, गाळला नाही, पुढे येणार होता. तुम्ही आणलात ते बरं झालं.

निकाल मलाही मान्य करावा लागतो. पण पूर्ण सांगा. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवलं आणि चार दिवसांनी प्रत्येकी २० वर्षांची सक्तमजुरी दिली. म्हणजे तिच्यावर जे झालं ते झालं, यावर शिक्कामोर्तब आहे. ते कोणी करवलं का, यावर दिलीप निर्दोष. या दोन गोष्टी एका माणसाच्या डोक्यात एकत्र राहू शकतात. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी मात्र दिलीप सुटल्याचाच जल्लोष होता. एकाने केळ्याचे वेफर्स वाटले. सहा जण दोषी ठरल्याचं त्याला संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

मावसभावाबद्दल वाईट वाटलं. मनापासून.

---

आजोळ

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी आहे, नातीने हा आयडी काढून दिलाय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मला आपल्या घरातलं सांगायचंय. २०१८ च्या सप्टेंबरात तनुश्री दत्ताने नाना पाटेकरांवरचा दहा वर्षांपूर्वीचा छळाचा आरोप पुन्हा केला तेव्हा आमच्या भिशीत आम्ही अकराजणी होतो. अकराच्या अकराजणी म्हणालो, छे, नाना असा नाही. त्यांनी आरोप नाकारला होता आणि तो खरा की खोटा हे मला आजही ठाऊक नाही, ते मी बोलतच नाही. मी बोलतेय माझं. मी तिची मुलाखत पाहिली नव्हती. त्यांचं म्हणणंही वाचलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या बायकांना धनादेश देतानाचे त्यांचे फोटो पाहिले होते आणि त्यांचं काम मला आवडायचं, एवढ्या भांडवलावर मी निकाल दिला. तिच्याबद्दल काय बोलले ते इथे लिहिणार नाही. तिच्या कपड्यांवरून बोलले.

आमच्या एकीची सून म्हणाली होती, "काकू, तुम्ही ओळखता का दोघांपैकी एकाला तरी?" आम्ही तिला चहा टाकायला आत पाठवलं.

---

सहाचा_कॉल

आजोळकाकू 🙏

मी मराठी मालिकांच्या सेटवर वेशभूषेत आहे, नऊ वर्षं. घोडबंदर, मढ, फिल्मसिटी, मधे दोन वर्षं वाईच्या बाजूला. या धाग्यावर लिहू की नको करत दोन दिवस गेले.

संडासांबद्दल कोचीकर दादांनी लिहिलंय ते वाचून हसू आलं. आमच्याकडे नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी कोणीतरी प्रेमाने सांगतं, "आउटडोअर आहे, पाणी बेताने पी." मी स्वतः सांगितलंय, कितीतरी जणींना. व्हॅनिटी असते ती मुख्य कलाकारांची. आम्ही जवळच्या वस्तीत कोणाच्या तरी घरी विचारून जातो, त्या घरच्या बाईला कधी साडीची पिन, कधी गजरा देतो. एवढी वर्षं यात काही चुकतंय असं वाटलंच नाही.

आता "गप्प का". आमच्या कामाला पत्र नसतं. फोन येतो, "उद्या सहाचा कॉल, ये." पैसे नव्वद दिवसांनी. म्हणजे तुम्ही आज तक्रार केली तर मागच्या तीन महिन्यांचे पैसे समोरच्याच्या खिशात असतात. आणि कोणी तुम्हाला काढत नाही हो. काढलं तर भांडता तरी येईल. फक्त फोन वाजायचा थांबतो. मग तुम्ही फोन करता, "अगं आत्ता सगळं भरलंय, पुढच्या शेड्यूलला बघू."

एक सांगते, कोणाचं काही ओळखू येणार नाही अशा बेताने. एका मालिकेवर हेअरची एक मुलगी होती, बावीस-तेवीसची. एका वरच्या माणसाने मेकअप रूममध्ये तिला धरलं. ती रडत माझ्याकडे आली. मी तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हटलं, "एकटी आत जाऊ नकोस आता." युनिटमध्ये दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. सगळे तिच्याशी इतकं गोड वागले! आठवड्यात तिला दुसऱ्या मालिकेवर काम लावून दिलं, दिवसाला दोनशे जास्त. सगळ्यांना वाटलं, छान सोडवलं. तो माणूस शेवटच्या भागापर्यंत होता. रात्रीच्या शिफ्टला सगळ्या युनिटला स्वतःच्या पैशाने वडापाव खाऊ घालायचा. मीही खाल्ले.

---

खवट_खोबरं

…

पॉपकॉर्नवाली कॉमेंट मागे घेतो.

---

पुढची_तारीख

वकिली करतो, पण हा सल्ला नाही.

दोन-तीन गोष्टी मिसळल्या जातायत. समितीपुढचं बोलणं म्हणजे फिर्याद नव्हे. या बायका गोपनीयतेच्या भरवशावर बोलल्या होत्या, उद्योगाची स्थिती सांगायला. अहवाल बाहेर आल्यावर विशेष तपास पथकाने त्याच जबान्यांवरून तीसहून जास्त गुन्हे नोंदवले. आता पोलीस दारात, साक्ष द्या म्हणून. बहुतेकींनी नकार दिला. जून २०२५ मध्ये सरकारने उच्च न्यायालयाला कळवलं की हे गुन्हे बंद करतोय, कोणी पुढे येत नाही. यावर लोकांनी काय निष्कर्ष काढला? "बघा, सगळं खोटं होतं." फाईल बंद होणं आणि आरोप खोटा ठरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आजोळकाकूंनी काढलेल्या प्रकरणातही तेच. २०१९ मध्ये मुंबई पोलिसांनी पुरावा नाही म्हणून 'बी समरी' (प्रकरण बंद करायचा अहवाल) दिली. मार्च २०२५ मध्ये अंधेरीच्या दंडाधिकाऱ्यांनी मुदतीवर बोट ठेवलं. घटना २००८ ची, फिर्याद २०१८ ची, आणि त्या कलमांना मुदत तीन वर्षांची. आरोप खरा की खोटा यात न्यायालय शिरलंच नाही. एका बाजूने "क्लीन चिट" छापलं, दुसऱ्या बाजूने "तांत्रिक कारणाने सुटला". दोघांनीही आपल्याला हवं ते वाचलं.

@तटस्थ, तुमच्या मावसभावाची चौकशी झाली आणि तो सुटला, म्हणजे यंत्रणा चालली. नुसती कुजबुज झाली असती तर त्याला सुटताही आलं नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते, त्याहून छोटी जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत, कारण असेल तर आणखी तीन. चौकशी नव्वद दिवसांत. याचा पाया सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आणि त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरीदेवी, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून सामूहिक बलात्कार सोसलेल्या. सिनेमाचा सेट हे कामाचं ठिकाण आहे का यावर वाद घालायला मात्र २०२२ उजाडलं. कलेक्टिव्हच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने मार्चमध्ये सांगितलं, प्रत्येक निर्मितीला समिती हवी.

@सहाचा_कॉल ताई, तुमच्या सेटवर किती माणसं असतात?

---

सहाचा_कॉल

ऐंशी-नव्वद. लग्नाचा सीक्वेन्स असेल तर दीडशे.

---

नवाकोराआयडी

ती अभिनेत्री म्हणजे ███ ना? ती तर नंतर आरामात सिनेमे करत होती, हसत होती इन्स्टावर.

---

संपादक

वरच्या प्रतिसादातलं नाव झाकलं आहे. पीडितेची ओळख छापणं गुन्हा आहे (आधी भादंवि २२८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२). तिने २०२२ मध्ये स्वतः समोर येऊन लिहिलं हे आम्हाला माहीत आहे. तिने सांगणं हा तिचा निर्णय होता. या धाग्याचं त्या नावावाचून काही अडत नाही.

---

कोचीकर

संपादक, आभार.

@नवाकोराआयडी, हसण्याबद्दल. तिने २०१७ मध्ये काही महिन्यांतच परत कामाला सुरुवात केली, तेव्हाही हेच म्हटलं गेलं. रडत घरी बसली असती तर "नाटक करतेय" म्हटलं असतं. पण याच केरळने दुसरंही काही दाखवलं. मार्च २०२२ मध्ये तिरुवनंतपुरमच्या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला ती अचानक मंचावर आली आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. माझी सहकारी तिथे होती. ती म्हणते, शेजारचा काका रडत होता आणि त्याला स्वतःलाच कळत नव्हतं का. इथे 'अवळ्क्कोप्पम' म्हणतात, म्हणजे तिच्यासोबत. २०१७ पासून हा शब्द फलकांवर आहे.

तेच हे केरळ, ज्याने २०१७ च्या डिसेंबरात पार्वतीला फाडून खाल्लं. तिने एका सुपरस्टारच्या सिनेमातल्या बाईविषयीच्या संवादांवर टीका केली, बस. धमक्या इतक्या की पोलिसांनी अटका केल्या. पुढच्या वर्षी तिच्या सिनेमाचं गाणं आलं तर चाहत्यांनी टोळीने जाऊन नापसंतीचे अंगठे मारले. त्यातले निम्मे आज पीडीएफ फॉरवर्ड करत असतील.

---

तटस्थ_वाटसरू

@पुढची_तारीख, मुद्दा पोचला. चौकशीमुळे तो सुटला हे मी तसं पाहिलं नव्हतं. तरी माध्यमांनी आरोपाच्या दिवशी फोटो छापू नये, या मतावर ठाम.

जाता जाता, नटांच्या संघटनेचं पुढे काय झालं? की तेच लोक परत?

---

कोचीकर

वर्षभर तात्पुरती समिती. १५ ऑगस्ट २०२५ ला निवडणूक झाली, श्वेता मेनन अध्यक्ष झाल्या. अध्यक्षपदावर पहिली बाई. सरचिटणीसही बाईच. माझ्या कँटीनवाल्या मित्राची प्रतिक्रिया: "आता तरी शांत बसतील." मी याच अम्मामधून २०१८ मध्ये चार अभिनेत्री राजीनामा देऊन बाहेर पडल्या होत्या हे सांगितलं. दिलीप यांना परत घ्यायचं ठरलं म्हणून, आणि त्या चौघींत ती स्वतः होती. त्याला आठवत नव्हतं.

मी मल्याळम सिनेमे बघणं सोडलं का, असं व्यक्तिगत निरोपातून दोघांनी विचारलंय. नाही सोडलं. पण श्रेयनामावली येते तेव्हा आता उठत नाही. हेअर, ड्रेस, ज्युनिअर आर्टिस्ट. ती नावं फार भरभर जातात.

---

पुढची_तारीख

@सहाचा_कॉल ताई, उगाच आग्रह नाही. पण ऐंशी माणसं म्हणजे समिती हवीच. तिच्या सदस्यांची नावं आणि नंबर दिसेल अशा ठिकाणी लावायला लागतात. बघितलाय का कधी असा कागद?

---

सहाचा_कॉल

नाही हो. उद्या सहाचा कॉल आहेच. बघते.

---

आजोळ

जपून ग. आणि पाणी पी.

---

खवट_खोबरं

काय झालं कागदाचं?

---

सहाचा_कॉल

आहे. प्रॉडक्शनच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला. दार कायम उघडं आणि भिंतीला टेकलेलं असतं, त्यामुळे कधी दिसलाच नाही. आज मी आत जाऊन दार लोटलं तेव्हा दिसला. प्रॉडक्शनचा दादा म्हणाला, "काय पाहिजे ताई?" म्हटलं, काही नाही, पंखा लागतो का बघत होते.

तीन नंबर आहेत. फोटो काढला. पहिला लावून पाहिला, अस्तित्वात नाही म्हणाला. दुसरा वाजला, कोणी उचलला नाही. तिसरा लंच ब्रेकला लावते.